दोन्ही सांगून झालं

आमच्या खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात चोरी झाली की दुसऱ्या दिवसापासून पारावर एकच प्रश्न असायचा, "काय, बोलला का नाय अजून?" कोण बोलला, हे विचारायची गरज नसायची. जीप येऊन ज्याला घेऊन गेली तो. चोरी त्याने केली हे धरूनच चाललेलं असायचं, फक्त त्याचं बोलणं बाकी असायचं. तो बोलला की गावाचा जीव भांड्यात पडायचा आणि लोक आपापल्या कामाला लागायचे.

मराठीत या बोलण्याला दोन क्रियापदं आहेत. माणूस गुन्हा कबूल करतो आणि माणसाकडून गुन्हा कबूल करवून घेतात. व्याकरण शिकवताना आमचे गुरुजी याला प्रयोजक क्रियापद म्हणायचे. "मूल जेवतं" यात एक माणूस आहे, "आई मुलाला भरवते" यात दोन आहेत. दुसऱ्या वाक्यात काम करणारी आई असते. वदवून घेतलेल्या शब्दाचंही तसंच आहे. तोंड एकाचं असतं आणि कर्तेपण दुसऱ्याचं. हे आपल्या भाषेला कधीपासून ठाऊक आहे. कायद्याला ते मान्य करायला बराच वेळ लागला, आणि त्याने मान्य केलं तेही एक खिडकी उघडी ठेवून. त्या खिडकीतून काय काय आत येतं ते मी लहानपणी पाहिलं, म्हणून हे लिहितो आहे.

माझे वडील गावचे पोलीस पाटील होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. गाव पाताळगंगेच्या अलीकडे, वर बोरघाट, पलीकडे खोपोलीचं टाटांचं वीजघर. गावात कुणबी, आगरी, चार घरं मराठ्यांची. डोंगराच्या पायथ्याला ठाकरांची वाडी आणि त्याहून लांब, ओढ्याच्या काठाला, कातकरवाडी. पूर्वी हे लोक खैराच्या झाडापासून कात काढायचे, म्हणून कातकरी. इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि तो धंदा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, मग वीटभट्ट्या. भातकापणी संपली, दिवाळी झाली, की भट्टीवाल्याचा ट्रक यायचा. आगाऊ उचल घेतलेली कुटुंबं भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन त्यात चढायची ती थेट पावसाळ्याच्या तोंडाला परत. सहा महिने झोपड्या रिकाम्या. पण ठाण्याच्या वहीत मात्र "गावातून निघून गेला" याचा अर्थ एकच लिहिलेला असायचा.

मी नववीत असतानाची गोष्ट. तुळशीच्या लग्नानंतर गावात एका घरी मुलीचं लग्न होतं. लग्नासाठी काढून ठेवलेले दोन तांब्याचे हंडे, एक कळशी आणि मोठं घंगाळ पडवीतून रात्रीत गेलं. सकाळी आबांनी वर्दी दिली. दुपारी जीप आली ती गावात थांबलीच नाही, सरळ कातकरवाडीच्या वाटेला लागली. वाडीतला विशी-बाविशीतला एक पोरगा नेला. का तोच? तर आदल्या आठवड्यात तो त्या घरी मांडवाचे बांबू पोचवायला आला होता. पडवी त्याने पाहिली होती. पडवी अख्ख्या गावाने पाहिली होती, पण गावातल्या माणसाला त्यासाठी कोण विचारणार?

तीन दिवस तो ठाण्यात होता. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. चौथ्या दिवशी सकाळी जीप परत आली आणि आबांना बोलावणं आलं. आरोपी माल दाखवायला तयार झाला आहे, दोन पंच घेऊन चला. मीही मागे मागे गेलो. त्याच्या कमरेला दोर होता. दोन्ही हाताची बोटं अशी सुजली होती की मूठ वळत नव्हती, आणि पाऊल टाकताना तो टाच टेकवत नव्हता. ओढ्याच्या वरच्या अंगाला करवंदीची दाट जाळी आहे, तिथे सगळे थांबले. आत हंडे होते. कळशी आणि घंगाळही होतं. पंचांच्या सह्या झाल्या. "आरोपीने स्वतःहून सांगितले व पुढे होऊन जागा दाखविली," असं त्या कागदात लिहिलं होतं. वाटेने सगळ्यात पुढे मात्र एक शिपाई चालत होता आणि तो पोरगा सगळ्यात मागे.

रात्री जेवताना मी आबांना हे बोललो. आबा बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "भांडी सापडली ना? लग्नघर आहे. पुष्कळ झालं." आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "भांडी सापडली हे खरं. पण ती त्यानं ठेवली हे कुणी पायलं? जाळी तर रोज पोरं धुंडाळतात." आबा काही बोलले नाहीत. आई शाळेत गेलेली नव्हती. पण मुंबईच्या आणि दिल्लीच्या कोर्टांनी ज्या प्रश्नावर शेकडो पानं लिहिली तो प्रश्न तिने भाकरी थापता थापता विचारला होता, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे तालुक्याच्या कोर्टात तारखा पडू लागल्या. एकेक तारीख म्हणजे एकेक रोज बुडणार. भट्टीचा ट्रक त्याच्यावाचून निघून गेला होता. घेतलेली उचल फेडायला त्याचा मेहुणा त्याच्या जागी गेला. चौथ्या की पाचव्या तारखेला मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तो म्हणाला, "कबूल." कुणी हात लावला नव्हता. वकील नव्हताच. जेवढे दिवस आत काढले तेवढीच शिक्षा झाली आणि तो त्याच दिवशी चालत घरी आला. ठाण्यातला जबाब कोर्टात वाचावासुद्धा लागला नाही. तीन दिवसांच्या त्या भीतीने स्वतःच कोर्टात येऊन साक्ष दिली.

बऱ्याच वर्षांनी, आबा गेल्यानंतर, तो माझ्याकडे शेताच्या बांधाचं काम करायला येत असे. तोपर्यंत त्याचीच पोरं भट्टीवर जाऊ लागली होती. एकदा दुपारी चहा पिताना मी विचारलं, "एक विचारू का? त्या वेळी हंडे तूच नेले होतेस का रे?" त्याने रागावल्यासारखं केलं नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "नाय म्हटलं तवा मारलां. व्हय म्हटलं तवा सोडलां. दोन्ही सांगून झालां, दादा. आता तिसरां काय सांगू?"

मला उत्तर मिळालं नाही आणि आता मिळणारही नाही. मी त्याच्या बाजूचा होतो, माझ्या हातात काठी नव्हती, प्रकरण केव्हाच मिटलं होतं. तरीही खरं काय ते त्याच्याकडून मला कळू शकलं नाही. त्याचं "हो" आणि त्याचं "नाही" दोन्ही त्या तीन दिवसांत खर्च झालं होतं. बळाने काढलेला जबाब खोटा असू शकतो, हे सगळेच सांगतात. मला वाटतं नुकसान त्याहून मोठं आहे. बळ वापरल्यावर त्या माणसाकडून खरं मिळण्याची वाटच बुजते. चोर असो की साव, त्याच्या शब्दाचं नाणं वितळवून टाकलेलं असतं.

पोलिसांनाच दोष देऊन आपण सुटत नाही. बोलतं करण्याची कला आमच्या गावांना ठाण्यांच्या आधीपासून येते. अंगात आलेल्या बाईला भगतापुढे बसवायचे. तो धुपाच्या धुरात तिचे केस धरून विचारायचा, "बोल, कोण तू? कुणी पाठवलं?" ती गप्प राहिली की छडी, मिरच्यांची धुरी. शेवटी भूत बोलायचं आणि एक नाव सांगायचं. ते नाव कुणाचं असायचं? ज्या जावेशी भांडण असेल तिचं, ज्या भाऊबंदाशी बांधावरून वाद असेल त्याचं, किंवा वाडीतल्या एखाद्या एकट्या म्हातारीचं. भुताने घरच्यांना माहीत नसलेलं नाव सांगितलं, असं मी एकदाही ऐकलं नाही. विचारणाऱ्याच्या मनात जे आधीच असतं तेच मार खाणाऱ्याच्या तोंडून बाहेर येतं. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं गुन्हा ठरलं. भगताची छडी कायद्याने काढून घेतली, हे चांगलंच झालं.

त्याही मागे जाऊ. पेशवाईतल्या कागदपत्रांत दिव्याची वर्णनं आहेत. उकळत्या तेलात हात घालून धातूचा रवा बाहेर काढायचा आणि हात भाजला नाही तर खरा. आज आपण त्याला हसतो. पण त्या रीतीत निदान एक गोष्ट होती. दिव्य चारचौघांत, देवापुढे व्हायचं आणि सगळे बघायचे. ठाण्याच्या मागच्या खोलीतलं दिव्य कुणालाच दिसत नाही. दिसतो तो फक्त शेवटचा कागद, आणि त्यावर "स्वखुशीने" असं लिहिलेलं असतं.

इंग्रजांना हे माहीत होतं. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी रयतेचा छळ होतो, अशी ओरड विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेली, चौकशी नेमली गेली आणि १८५५ साली तिचा अहवाल आला. छळ होतो, हे त्यात मान्य केलं होतं. त्यानंतर कायदा असा झाला की पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालणारच नाही. १८६१ च्या फौजदारी प्रक्रियेत ते आलं आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात २५ व २६ ही कलमं होऊन बसलं. नीट पाहिलं तर हे चमत्कारिक आहे. सरकार आपल्याच पोलिसांबद्दल कायद्यात लिहून ठेवतं की यांच्यापुढे कुणी काय कबूल केलं ते आम्ही ऐकणार नाही. पुरावा कायदा लिहिणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यानेच पुढे नोंदवून ठेवलं आहे की उन्हातान्हात हिंडून पुरावा गोळा करण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणं सोपं वाटतं, असं त्याला इथल्या एका अंमलदाराने सांगितलं होतं. दीडशे वर्षांत ऊन आणि सावली तीच राहिली आहे.

पण त्याच कायद्यात २७ वं कलम आलं, आणि मी वर म्हटलं ती खिडकी हीच. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. यामागचा विचार साधा आणि वरवर पटणारा आहे. हंडा जाळीत सापडला म्हणजे "हंडा जाळीत आहे" हे बोलणं खरं ठरलं. खऱ्याला का नाकारायचं? १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने या खिडकीला गज लावले. वस्तू सापडली म्हणून पूर्ण कबुली आत घेता येणार नाही. वस्तू कुठे होती आणि ती तिथे आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढंच घेता येईल. निकाल शहाणपणाचा होता. पण ठाण्यापर्यंत पोचेतो त्याचा अर्थ एवढाच उरला की नुसत्या कबुलीला किंमत नाही, वस्तू हवी. मग मार थांबत नाही, फक्त त्याचा प्रश्न बदलतो. "तू केलंस का?" ऐवजी "कुठे ठेवलंस?" आणि वस्तू आधीच कुणाला दिसलेली असेल, तर त्या कागदावर आरोपीला पुढे चालवणं तेवढं उरतं.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार होते. सज्जन माणूस, वारकरी. त्यांच्याशी मी यावर पुष्कळ वाद घातला. ते म्हणायचे, "मास्तर, तुम्ही वर्गात बसून बोलता. आमच्याकडं पन्नास गावं, माणसं बारा, गाडी एक आणि तिला डिझेल नाय. ठसे घ्यायला माणूस अलिबागहून येणार तो परवा. वरून साहेब विचारणार, किती गुन्हे उघडकीला आले? ज्याच्या घरची चोरी झालीय तो सकाळ-संध्याकाळ दारात. मग चोराला पेढे देऊन विचारायचं का?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. चोरी झालेल्या घराचंही दुःख खरं असतं. त्या लग्नघराने हंडे कर्ज काढून घेतले होते. पण हवालदारसाहेबांच्या बोलण्यातच उत्तर होतं. डिझेल नाही, माणूस नाही, ठसे नाहीत. काठी मात्र आहे, आणि ती फुकट आहे. जोवर फुकटची काठी चालते तोवर डिझेलसाठी कोण भांडणार? कोर्टाने कबुलीचा कागद बाजूला सारला तर फार तर एक चोर सुटेल. पण तो कागद चालत राहिला तर तपास करण्याची गरजच संपते.

हंड्या-कळशीची गोष्ट लहान आहे, मोठ्या गुन्ह्यात असले विचार परवडत नाहीत, असं पुष्कळजण म्हणतात. मोठा गुन्हा आमच्या जिल्ह्याने पाहिला आहे. १२ मार्च १९९३ ला मुंबईत स्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. त्यासाठीची शस्त्रं आणि स्फोटकं आमच्याच रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरली होती. खटला टाडाखाली चालला. टाडाने जुनी तटबंदी पाडली होती. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली त्यात चालत असे. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. आरोपींनी पुढे जबाब मागे घेतले, तरी त्यातले अनेक ग्राह्य धरले गेले. १९९५ साली टाडा संपला. १९९९ साली महाराष्ट्रात मकोका आला आणि वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची कबुली त्यातही चालू लागली. यामागचा समज असा की मोठ्या हुद्द्याचा साहेब समोर असला की माणूस स्वखुशीने बोलतो. खालच्या खोलीत आधी काय झालं, ते त्या साहेबाच्या टेबलापर्यंत आरोपीसोबत चालत येत नाही का?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. आमच्याकडची शेकडो माणसं रोज पहाटेच्या कर्जत लोकलने मुंबईला जातात. ती लाइन दुसरी, पण डबा तोच, डबे तेच, दांड्याला लटकलेले हात तेच. कित्येक दिवस लोक बाकाखाली वाकून बघायचे. या खटल्यात मकोकाखाली घेतलेले कबुलीजबाब फार महत्त्वाचे होते. २०१५ साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. एक जण सुटला. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचं आरोपींचं म्हणणं न्यायालयाने मानलं, त्याला दवाखान्यातल्या नोंदींचा आधार मिळाला, आणि वेगवेगळ्या माणसांच्या जबाबांतले मजकूर एकमेकांवरून उतरवल्यासारखे सारखे आढळले. बारांपैकी एक जण निकालाआधीच तुरुंगात वारला होता. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. सुटलेल्यांना पुन्हा आत मात्र घातलं नाही.

मालेगावची गोष्टही त्याच वर्षाची. सप्टेंबर २००६ मधल्या स्फोटांसाठी नऊ जणांना पकडलं आणि त्यातल्या काहींचे कबुलीजबाब मकोकाखाली घेतले. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच माणसांवर आरोपपत्र ठेवलं, आणि २०१६ साली आधीच्या नऊपैकी हयात असलेल्यांना न्यायालयाने आरोपमुक्त केलं.

हे वाचताना मला आधी त्या घरांची आठवण येते जिथून सकाळी डबा घेऊन गेलेलं माणूस परत आलं नाही. त्यांना एकोणीस वर्षं सांगितलं गेलं की गुन्हेगार सापडले, त्यांनी कबूलही केलं. मग सांगितलं गेलं की तो पुरावा टिकत नाही. आता त्यांनी कुणाकडे बघायचं? आमच्या कातकरवाडीतल्या माणसाने चहाचा कप खाली ठेवून मला जे सांगितलं, तेच आता त्या घरांनाही ऐकावं लागतं आहे. पीडितांसाठी म्हणून वापरलेलं बळ शेवटी पीडितांचंच खरं हिरावून घेतं.

अवघड प्रश्न अजून राहिला आहे. समजा, हंडे त्यानेच नेले होते. मार खाऊन तो जे बोलला ते शब्दनशब्द खरं होतं. तरीही ते बाजूला सारायचं का? मला वाटतं, सारायचं, आणि हे मला कायद्याच्या पुस्तकाआधी गावाने शिकवलं. आमच्या भागात सावकारांनी अंगठे कसे घेतले, हे म्हातारी माणसं अजून सांगतात. रात्री घरी बोलवायचं, दार लावायचं, कागदावर अंगठा उमटवून घ्यायचा. ठाकरांची, कातकऱ्यांची कितीतरी जमीन अशी गेली. तो अंगठा खोटा होता का? नाही, त्याच माणसाचा होता. कर्जही काही वेळा खरंच घेतलेलं असायचं. तरी गावाने त्याला कधी व्यवहार म्हटलं नाही. योगायोग असा की पुरावा कायदा झाला त्याच १८७२ साली कराराचा कायदाही झाला, आणि जबरदस्तीने घेतलेला करार त्या माणसाला रद्द करवून घेता येतो, असं त्यात आहे. एक गुंठा जमिनीसाठी दाबून घेतलेला अंगठा चालत नाही, तर आयुष्याच्या वर्षांसाठी दाबून घेतलेली जीभ कशी चालावी?

बेचाळीसच्या चळवळीत भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता याच डोंगरांच्या आश्रयाने राहिला. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. त्या दिवसांच्या गोष्टी सांगताना आमची म्हातारी माणसं दोन प्रकारच्या माणसांत फरक करायची. पैशासाठी ठावठिकाणा सांगणारा तो फितूर. पोलिसांनी झोडपल्यावर ज्याच्या तोंडून काही निघालं त्याला कुणी फितूर म्हणायचं नाही. "त्याला बोलवला," एवढंच म्हणायचे, आणि आवाज खाली जायचा. दोघांनी सांगितलं असेल ते एकच. पण पहिल्याचं बोलणं त्याचं स्वतःचं होतं आणि दुसऱ्याचं नव्हतं. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, असं राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदात लिहिलं आहे, त्याचा अर्थ मला या म्हाताऱ्यांच्या खाली गेलेल्या आवाजात कळला. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना घेता येतो, ते या सक्तीत येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी १९६१ साली मुंबई राज्याच्याच एका खटल्यात सांगितलं. ठसा बोटावर असतोच. माणसाच्या डोक्यातलं मात्र त्याच्या संमतीशिवाय बाहेर काढायचं नाही. २०१० साली नार्को चाचणीबद्दलही न्यायालयाने तेच सांगितलं, सुई टोचून बोलतं करणं हेसुद्धा बोलतं करणंच.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पोलिसापुढची कबुली अजूनही चालत नाही, आणि सत्ताविसावं कलम तेविसाव्या कलमाच्या पोटात जाऊन तसंच बसलं आहे. कबुलीसाठी मारहाण करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा पूर्वीही होती, आजही आहे. आता झडतीचं आणि जप्तीचं मोबाईलवर चित्रीकरण करायचं असतं, ठाण्यांत कॅमेरे हवेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालीच सांगितलं आहे. ही चांगली पावलं आहेत. पण जप्तीचं चित्रीकरण जाळीपाशी सुरू होतं. त्याआधीचे तीन दिवस त्यात येत नाहीत.

आमच्या गावात आता कातकऱ्यांची दोन पोरं बारावी झाली आहेत, आणि पंच म्हणून पोलीस गावातल्या शिकलेल्या पोरांनाच बोलावतात. ती कधी कधी मला विचारायला येतात, "काका, जाऊ का? सही करू का?" मी सांगतो, जा. पंच व्हायला नाही म्हणू नका, तुम्ही गेला नाहीत तर दुसरा कुणीतरी न वाचता सही करील. पण कागद आधी पूर्ण वाचा. तो ठाण्यातून लिहून आणलेला असेल तर तसं स्पष्ट विचारा. वस्तू कुठे सापडली ते बघाच, पण त्याआधी त्या माणसाकडे बघा. तो टाच टेकवून चालतो का, त्याची मूठ वळते का. आणि वाटेने पुढे कोण चालत होतं ते लक्षात ठेवा. पाच-सात वर्षांनी कोर्टात तुम्हाला ते विचारतील, तेव्हा तेवढं तरी जसंच्या तसं सांगा.